नवं पुस्तक दाखल होतं तेव्हा

सार्वजनिक ग्रंथालयांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर दुर्मीळ ग्रंथ, दगडी इमारती आणि थोरामोठ्यांच्या अभिप्रायांच्या वह्या असाव्यात. मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दुकानातून आलेलं कोरं पुस्तक सभासदाच्या पिशवीत पडेपर्यंत त्याच्यावर कोणते संस्कार होतात? ते बघायला सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या वाचनालयात जाऊन बसलो. महिना मार्चचा निवडला, कारण वाचनालयात नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुटतात ते बहुधा मार्चमध्येच. त्याचं कारण पुढे येईलच.

इतिहास थोडक्यात सांगतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचं १८९८ साली निघालं, ते मराठी पुस्तक जमवायचं आणि राखायचं या जिद्दीनं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्याखालच्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. आज राज्यात हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. बहुतेक सगळी गावकऱ्यांनी काढलेली, कार्यकारी मंडळानं चालवलेली.

आता गठ्ठ्याकडे वळू. सुतळी कापली की ग्रंथपालताई आधी बिल हातात घेतात. नाव, प्रती, छापील किंमत, सूट, सगळं ताडून बघतात. मग प्रत्येक पुस्तकाची पानं अंगठ्याखालून सरसर सोडतात. कोरं राहिलेलं पान, उलटा शिवलेला फर्मा, दोनदा आलेली सोळा पानं, हे सगळं शिक्का मारण्याआधी सापडायला हवं. शिक्का पडलेलं पुस्तक दुकानदार परत घेत नाही.

त्यानंतर कपाटातून निघते ती दाखल नोंदवही. माझं मन अडकलं ते हिच्यातच. लांबरुंद, कापडी पुठ्ठ्याची, आडव्या पानांची वही. रकाने असे : तारीख, दाखल अंक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पानं, किंमत, बिलाचा क्रमांक, विक्रेता, वर्गांक आणि शेवटी शेरा. एका ओळीला एक पुस्तक. एकाच कादंबरीच्या दोन प्रती आल्या तर दोन ओळी, दोन अंक. ताई हे सगळं निळ्या शाईच्या पेनानं, टपोऱ्या अक्षरात लिहितात. चुकलंच तर एक रेघ मारून वर दुरुस्ती आणि बाजूला सही. खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही.

दाखल अंकाचा हट्टीपणा विलक्षण आहे. एकदा दिलेला अंक दुसऱ्या पुस्तकाला कधीच मिळत नाही. पुस्तक हरवलं, फाटलं, वाळवीनं खाल्लं, तर रीतसर ठराव करून ते निर्लेखित होतं आणि शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद पडते. ओळ जागच्या जागी राहते. त्यामुळे वही मागे मागे चाळत गेलं की गावानं काय वाचलं, काय गमावलं आणि कोणत्या वर्षी पुस्तक घ्यायला पैसेच नव्हते, ते ओळीनं कळतं. एका पानावर ऐतिहासिक कादंबऱ्यांची रांग, काही पानांनंतर स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं. काही ठिकाणी किमतीच्या रकान्यात नुसतं ‘भेट’.

“आता संगणक आलाय, मग ही वही कशाला?” मी विचारलं.

“संगणकावरही आहेच की,” ताई म्हणाल्या. “पण तपासणीला साहेब आले की पहिल्यांदा हीच मागतात. आणि वीज गेली तरी ही उघडते.”

वहीनंतर शिक्के. एक शीर्षकपानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक ‘गुप्त पानावर’. प्रत्येक वाचनालय आपल्यापुरता एक पानक्रमांक ठरवतं आणि प्रत्येक पुस्तकात त्या पानावर शिक्का मारून दाखल अंक लिहितं. कुणी शीर्षकपान फाडून पुस्तक आपलं केलं, तरी आतलं ते पान खरा मालक सांगतं. या वाचनालयाचं गुप्त पान कोणतं, ते मी पाहिलं. इथे अर्थातच सांगणार नाही.

मग वर्गीकरण. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे, त्यातही मराठी कादंबरी-कथेला ८९१.४६३. कपाटांवर मात्र कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, प्रवास अशा सरळ चिठ्ठ्या आहेत. सभासद अंक मागत नाही, “एखादी चांगली कादंबरी द्या” म्हणतो. पाठीवर लेबल, आत कार्डाचा खिसा, शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी, वरून प्लास्टिकचं कव्हर, आणि पुस्तक काउंटरसमोरच्या मांडणीवर जातं. वर पाटी : ‘नवीन पुस्तके आली आहेत’. या मांडणीवरचं पुस्तक सात दिवसांत परत करायचं, मुदत वाढवून मिळणार नाही, हा इथला नियम. निवृत्त शिक्षक असलेले एक काका रोज सकाळी वर्तमानपत्राच्या निमित्तानं येतात आणि आधी मांडणीवर नजर फिरवतात. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असलं, तर ताईंच्या वहीत नाव लावून जातात.

हे सगळं पाहून छान वाटतं. पण मार्चचं कारण सांगायचं राहिलं आहे.

अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. हप्ता हाती पडला की खर्च दाखवायची घाई. परिणाम असा की दिवाळीच्या सुमारास गाजू लागलेलं पुस्तक या मांडणीवर यायला होळी उजाडते. तोवर ज्याला ते हवंच होतं त्यानं विकत घेतलेलं असतं, नाहीतर त्याचा उत्साह मावळलेला असतो. घाईची खरेदी निवडीलाही मारक. विक्रेत्याकडे जे पडून आहे आणि ज्यावर सूट भरघोस आहे, तेच गठ्ठ्यात शिरतं. अशी पुस्तकं नोंदवहीत दाखल होतात. तारखेची चिठ्ठी मात्र कोरी राहते.

रकमेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. राज्यातली बरीच वाचनालयं सर्वांत खालच्या, ड वर्गात आहेत. २०२२-२३ मध्ये, सुमारे दहा वर्षांनी, अनुदानात साठ टक्के वाढ झाली तेव्हा या वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेलं. त्यातले साधारण निम्मे पगाराचे. म्हणजे वाढीनंतरही ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार. उरलेल्या निम्म्यात वीजबिल, वर्तमानपत्रं, मासिकं, कपाटं आणि शेवटी पुस्तकं. साधी कादंबरीही आता तीन-चारशे रुपयांच्या खाली मिळत नाही. ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवण्याची सोय तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या कायद्यांत आहे, आपल्या कायद्यात नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून पुस्तकं येतात, पण त्यांची निवड वरून होते. काकांना हवं असलेलं पुस्तक त्या यादीत असेलच असं नाही.

या चक्रातून सुटलेली एकच गोष्ट मला तिथे दिसली : दिवाळी अंकांची योजना. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला ही सवय लागली. सभासद आधी एकरकमी वर्गणी भरतात, त्या पैशांतून अंक येतात आणि पुढे काही महिने हातोहात फिरतात. इथे अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, अंक वेळेवर येतात आणि प्रत्येक अंक वाचला जातो. नव्या पुस्तकांसाठी असाच निधी सभासदांनी उभारला, तर मांडणी मार्चपर्यंत ताटकळणार नाही. ताईंनी ही कल्पना कार्यकारी मंडळापुढे ठेवली आहे. मंडळ राजी आहे, पण तेवढे सभासद हवेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या, पेठेच्या वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी फार नसते. काउंटरवर मागणी वही ठेवलेली असते, ती बहुतेक ठिकाणी कोरी पडलेली असते. तिच्यात तुम्हाला हव्या असलेल्या एका नव्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक लिहा, आणि महिन्याभरानं जाऊन विचारा, आलं का? सरकारनं अनुदान वेळेवर द्यावं हा आग्रह धरायलाच हवा. पण कोणतं पुस्तक दाखल व्हावं हे वाचकांनी सांगितलं नाही, तर ते विक्रेत्याचा गठ्ठाच ठरवणार.