गुरुजींनी शोधलेल्या तारखा

जून उजाडला की आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडायची. तिच्यात जुनी पंचांगं होती, सुतळीनं बांधून सालवार लावलेली. माझे वडील, अण्णा, त्यातली पाच-सात वर्षांमागची काढत, पिशवीत घालत आणि शाळेत नेत. कोयनेच्या खोऱ्यात डोंगराच्या पायथ्याला दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग, दोन शिक्षक; त्यातले एक अण्णा. पहिलीत नावं घालायचे दिवस. 1973 साली मी अकरा वर्षांची होते आणि अण्णा मागतील ते पान काढून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

नाव घालायचं तर जन्मतारीख हवी आणि ती कुणालाच ठाऊक नसायची. तेव्हाची सर्रास रीत अशी, की पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचं. लागला, की पोर सहा वर्षांचं. त्या हिशेबानं साल धरायचं आणि तारीख टाकायची 1 जून. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून तीच सोयीची. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांचा कागदोपत्री वाढदिवस 1 जूनला येतो तो यामुळे.

अण्णांना हे पटत नसे. ते म्हणत, "पोराचा दिवस आईला माहीत असतो. ती फक्त तारखेनं सांगत नाही."

म्हणून ते 'कधी जन्मलं' असं विचारतच नसत. पाऊस होता का? भात कापून झालं होतं का? बाळंतपण माहेरी का सासरी? बाजेखाली शेगडी ठेवली होती का? मग आई बोलू लागे. कुणी तिथी सांगे, कुणी जत्रा सांगे. तिथी असली की पंचांगात दहा मिनिटांत तारीख सापडे. जत्रेच्या मागं-पुढं असलं तर अर्धा दिवस जाई. अण्णा कधी घाई करताना मी पाहिले नाहीत.

त्या साली आलेल्या एका बाईचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"धरणीकंपाच्या सालचं हाय, गुरुजी."

"आधीचं का नंतरचं?"

"पाचवी पुजली आन् त्याच रातीचं पहाटं धरणी हालली. पोराला पदरात घिऊन भाईर आले, तवर मागं भित पडली."

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, सोमवार पहाटेचा. अण्णांनी डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवला. म्हणजे पाचवी पुजली ती 10 तारखेच्या रात्री. जन्माचा दिवस धरून पाचवा. दहा, नऊ, आठ, सात, सहा. अंगठा करंगळीवर थांबला. "6 डिसेंबर. बुधवार येतो. वार आठवतो का?"

बाई जरा थांबली. "वार न्हाई ध्यानात. पर दुसऱ्या दिशी बाजार हुता. मालकांनी खारीक-खोबरं आणलं."

आमच्याकडचा बाजार गुरुवारचा. अण्णा माझ्याकडे बघून हसले. तारीख नुसती जमली नव्हती, खारीक-खोबऱ्यानं तिला साक्ष दिली होती.

मग जनरल रजिस्टर समोर यायचं. हे लांबरुंद, कापडी पाठीचं बाड शाळेत कायम जपायचं असतं. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख आधी अंकात, मग अक्षरात, दाखल झाल्याचा दिनांक, सोडल्याचा दिनांक, कारण, शेरा. यात खाडाखोड चालत नाही. म्हणून अण्णा पाटीवर आधी सगळी ओळ लिहून बघत, मग पाटी शेजारी ठेवून दौतीत टाक बुडवत. 'सहा डिसेंबर एकोणीसशे सदुसष्ट' ही अक्षरं त्या चिंचोळ्या रकान्यात बसवताना ते श्वास रोखून धरत. शाई वाळेपर्यंत रजिस्टर मिटत नसत आणि तोवर बाईला उठू देत नसत. ओळ पूर्ण वाचून दाखवायचीच, तिला वाचता येत नसलं तरी.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? अण्णांनी उत्तर दिलं नाही. अडलेल्या नोंदींसाठी ते कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वहीही, बघायला जात. पण त्यात पुष्कळदा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. एका घरात चार पोरं असली, की कुठली ओळ कुणाची हे शेवटी आईलाच विचारावं लागे.

आता 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागतो. शिक्षकानं तारीख शोधायचा प्रश्नच उरलेला नाही. हे चांगलंच झालं, असं मला मनापासून वाटतं. तरी ती ट्रंक मी ठेवली आहे.

घरातही अण्णांचं हेच चाले. आईची जन्मतारीख लग्नात कुणाला माहीत नव्हती. आईकडच्या आजीला दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत विचारून-विचारून त्यांनी ती काढली. घरात 'कालनिर्णय' यायला लागल्यापासून दर जानेवारीत ते दिवसभर बसून आमची, चुलत्यांची, भाच्यांची नावं बारीक अक्षरात त्या-त्या चौकोनात भरत. धाकट्या दोघी आत्यांची लग्नं, आमची शिक्षणं, सगळं त्यांच्या एका पगारावर झालं. पण नातेवाईक त्यांची आठवण काढतात ती त्यांनी वाढदिवसाला न चुकता पाठवलेल्या पोस्टकार्डांची.

त्यांची स्वतःची तारीख होती 1 जून 1940. त्यांच्या गुरुजींनी टाकलेली. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, पावसाची झड लागली होती. साल मात्र तिला शेवटपर्यंत जुळवता आलं नाही. 1960 मध्ये स्कूल बोर्डाच्या नोकरीला लागलेले अण्णा अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून 31 मे 1998 ला निवृत्त झाले. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिनाअखेरीस सुटका होते, म्हणून तालुक्यात त्या दिवशी निरोपाचे हार कितीतरी गळ्यांत पडले. साल तेच ठेवून आजीचं खरं धरलं तर निदान तीन महिने आधी. "नोंद आहे ती आहे," एवढंच ते म्हणाले आणि सोमवारी नव्या गुरुजींना रजिस्टर समजावून द्यायला शाळेत गेले.

गेल्या आषाढात ते गेले. मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरताना आई म्हणाली, "पोळ्याचा दुसरा दिवस लिही." रकान्यात अंकच मावत होते. मी 1 जून 1940 लिहिलं.

घरी येऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि पानं पुढं उलटली. पोळ्याच्या पुढच्या चौकोनात अण्णांनी जानेवारीतच, आमच्या सगळ्यांच्या नावांसारख्याच बारीक अक्षरात, लिहून ठेवलं होतं: 'मी'.