मूकपटाची भाषा (भाग ७) : रात्र, गर्दी आणि झेंडा

गेल्या आठवड्यात आपण दादासाहेब फाळके यांची चमत्कारदृश्यं पाहिली. देव प्रकट होतो, राक्षस अदृश्य होतो, हे सगळं मुळातच डोळ्यांना दिसणारं. या आठवड्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. स्वराज्य कसं दाखवायचं? पडद्यावर गर्जना ऐकू येत नाही, संवाद नाहीत, पोवाडा नाही. थिएटरातले पेटी-तबला वाजवणारे आणि पडद्यावरच्या चार ओळींच्या पाट्या, एवढीच काय ती मदत. अशा माध्यमात एका राज्यकर्त्या सत्तेविरुद्धचा उठाव उभा करायचा, तर विचाराला वस्तूचं रूप द्यावं लागतं. हे काम महाराष्ट्रात सगळ्यात निष्ठेनं झालं ते कोल्हापुरात.

बाबूराव पेंटर हे मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार. कॅमेरा विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून तो स्वतः बनवण्याचा ध्यास त्यांनी आणि त्यांच्या नात्यातल्याच आनंदराव पेंटर यांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० च्या 'सैरंध्री'नंतर १९२३ मध्ये आला 'सिंहगड'. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा हा मूकपट आपल्या आजच्या विषयाचा पहिला धडा आहे.

सिंहगड घ्यायला तानाजी कडा चढला तो रात्री. त्या काळातलं चित्रीकरण मात्र सूर्यावर चाले. सेटला छप्पर नसे, ऊन कडक झालं की वर पातळ कापड ताणत. रात्र हवी असेल तर दिवसाच चित्रण करून फितीला निळा रंग देत. प्रेक्षकांनाही तो संकेत ठाऊक होता : निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, लाल म्हणजे आग. बाबूराव त्यावर थांबले नाहीत. त्यांनी 'सिंहगड'मधल्या रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले, आणि आपल्याकडच्या चित्रपटाच्या इतिहासात या प्रयोगाला आद्यत्वाचा मान दिला जातो. दिव्यानं नुसता अंधार सुटत नाही. कुठला चेहरा उजळायचा, कुठला हात काळोखात ठेवायचा, हे दिग्दर्शकाच्या हाती येतं. आज गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत गडाच्या बुरुजावर हवी तेव्हा रात्र उतरवतात. १९७७ साली उभ्या राहिलेल्या या नगरीतल्या प्रत्येक प्रकाशयोजनाकाराच्या मागे कोल्हापूरचा तो धाडसी प्रयोग आहे, हे गोरेगावकरांनी अभिमानानं लक्षात ठेवावं.

दुसरा धडा गर्दीचा. नाटकात मावळे चार असले तरी भागतं, कारण बाकीचे शब्दांतून येतात. मूकपटात ते दिसावेच लागतात. बाबूरावांनी रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खोली असलेले सेट उभे केले. त्यामुळे माणसं पुढे, मधे आणि मागे अशा तीन थरांत उभी करता आली आणि पन्नास माणसांची फौज मोठी भासू लागली. कॅमेरा हातानं हँडल फिरवून चाले. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी घेण्याची रीत होती. हँडल जरा सावकाश फिरवलं, की पडद्यावर घोडे नि तलवारी वेगानं धावत. लढाईची झिंग अशी मनगटात होती.

याच सुमारास रशियात सर्गेई आयझेनस्टाईन वेगळ्या वाटेनं गेला. १९०५ च्या नाविकांच्या बंडावरचा त्याचा 'बॅटलशिप पोतेमकिन' १९२५ चा. त्यात एकच असा नायक नाही. जमाव हाच नायक. ओडेसाच्या पायऱ्यांवर सैनिकांचे बूट, किंचाळणारी आई, घरंगळणारी बाबागाडी यांचे तुकडे तो असे जोडतो, की काही क्षणांचा प्रसंग लांबत जातो आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. कोल्हापूरकरांनी अर्थ शोधला चौकटीच्या आत, मांडणीत आणि प्रकाशात. आयझेनस्टाईननं शोधला दोन चौकटींच्या सांध्यात. पण दोन्ही वाटा अखेर एकाच वस्तूपाशी येतात : झेंडा.

इथे तंत्राची मोठी अडचण होती. त्या दशकात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी. लाल नि केशरी पडद्यावर काळपट उमटत, निळं आकाश मात्र पांढरंफटक. आयझेनस्टाईननं म्हणून पांढरा झेंडा चित्रित केला आणि प्रिंटवर तो एकेक चौकट करून हातानं लाल रंगवला. अशा फिल्मवर भगव्याचा रंग हरवतो, पण पांढऱ्या आकाशावर त्याची गडद आकृती ठसठशीत उठते. रंग गेला तरी वाऱ्यावरची फडफड, उंची आणि खाली उभी माणसं मिळून अर्थ पुरा करतात.

हा अर्थ किती नेमका पोचत होता, याची साक्ष इंग्रज सरकारनंच दिली. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडून व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीनं १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढच्याच वर्षी शांतारामांनी शिवचरित्रावर मूकपट केला आणि महाराजांची भूमिका स्वतः वठवली. नाव होतं 'स्वराज्याचे तोरण'. १९३० म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. सेन्सॉरनं नावाला हरकत घेतली आणि झेंडा उभारण्याच्या दृश्यालाही. चित्रपट पडद्यावर आला तो 'उदयकाल' या नावानं. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट, एकही उच्चारलेला शब्द नाही, तरी सरकारला एका कापडाची भीती वाटली. माझ्या मते मूकपटाच्या ताकदीचा याहून स्पष्ट पुरावा नाही. शब्द कापता येतात, पाटी बदलता येते. पण प्रेक्षकांनी ज्या वस्तूत आपली इच्छा ओतली आहे, ती पडद्यावर आली की तिला भाष्याची गरज उरत नाही.

त्या काळातले आपले बहुतेक मूकपट आज हाती नाहीत. फिती ज्वालाग्राही नायट्रेटच्या होत्या. आगीत गेल्या, सडल्या, दुर्लक्षानं संपल्या. म्हणून उरलेल्या जाहिराती, छायाचित्रं आणि आठवणींचं जतन ही आपली जबाबदारी आहे. चित्रनगरीसारख्या ठिकाणी या कामाचं एक कायमचं दालन असायलाच हवं.

या आठवड्यात एक अभ्यास करून पाहा. एखाद्या ऐतिहासिक मालिकेतला लढाईचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून बघा. काय कळतं, काय कळत नाही, आणि कुठल्या वस्तूवर नजर खिळते, हे लिहून ठेवा. जे कळलं ते दृश्यानं सांगितलेलं. जे निसटलं ते आजवर संवादांनी पेललेलं.

पुढील भागात : बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' आणि मूकपटातला शेतकरी.