दोघांची गादी आणि मेमरी फोमचा हिशेब

मेमरी फोम हा पॉलीयुरेथेन फोमचाच एक प्रकार आहे. सोफ्यातला किंवा बसच्या आसनातला साधा फोम दाबून सोडला की लगेच उसळी घेतो. मेमरी फोम हळूहळू दबतो, हाताचा ठसा काही क्षण धरून ठेवतो आणि मग सावकाश सपाट होतो. त्याच्या अंगात थोडी स्प्रिंग आणि थोडी काकवी असते. वेगाने दाबला तर तो अडतो, संथपणे दाबला तर वाट देतो. गादी एकट्यासाठी घ्यायची असेल तर हा गुण केवळ आवडीनिवडीचा विषय ठरतो. एकाच गादीवर दोघे झोपणार असतील तर मात्र सगळी निवड याच गुणाभोवती फिरते.

इतिहास थोडक्यात असा. पॉलीयुरेथेनचे रसायन 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. 1966 मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातील आसनांकरता हा संथ फोम तयार केला; अपघातात बसणारा धक्का आसनानेच गिळावा, हा त्यामागचा हेतू. पुढे तो हेल्मेटमध्ये आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या गाद्यांमध्ये गेला. 1991 मध्ये स्वीडनच्या फागेरडाला कंपनीने त्याची घरगुती गादी बाजारात आणली. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत तो खऱ्या अर्थाने शिरला तो गादी गुंडाळून खोक्यातून घरपोच येऊ लागल्यावर. ‘अंतराळवीरांची गादी’ ही जाहिरात ऐकायला छान वाटते, पण तिच्यावरून खरेदीचा एकही निर्णय घेता येत नाही.

दोघांच्या झोपेतला मुख्य प्रश्न हालचालीचा. ब्रिटनमधील पँकहर्स्ट आणि हॉर्न या संशोधकांनी 1994 मध्ये जोडप्यांच्या मनगटांवर हालचाल नोंदवणारी यंत्रे बांधून पाहणी केली. झोपेतल्या हालचालींपैकी सुमारे एक तृतीयांश हालचाली दोघांच्या एकाच वेळी होत होत्या. सोबतीने झोपणाऱ्यांची हालचाल एकट्याने झोपणाऱ्यांपेक्षा जास्त भरली. गंमत म्हणजे बहुतेकांचे स्वतःचे मत मात्र असे होते की जोडीदार शेजारी असला की झोप चांगली लागते. थोडक्यात, सोबत तर हवी पण तिचे धक्के नकोत, हीच गादीकडून खरी अपेक्षा असते.

जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकीवर भार पडला की शेजारणी हलतात आणि पहाटे उठणाऱ्याचा हेलकावा पलीकडच्यापर्यंत पोचतो. 1900 च्या सुमारास कॅनडात जेम्स मार्शल यांनी प्रत्येक स्प्रिंग कापडी पिशवीत स्वतंत्र शिवण्याची युक्ती काढली. आजच्या पॉकेट स्प्रिंगच्या गाद्या तिथूनच आल्या. मेमरी फोमची रीत याहून वेगळी आहे. तो धक्क्याची ऊर्जा पुढे ढकलत नाही आणि परतही फेकत नाही. आतल्या घर्षणात ती जिरवून टाकतो. प्रयोगशाळेत पोलादी गोळी ठरावीक उंचीवरून फोमवर टाकून ती किती वर उसळते ते मोजतात. चांगल्या साध्या फोमवर ती सोडलेल्या उंचीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत येते, मेमरी फोमवर साधारण पाचव्या हिश्श्याच्याही खालीच राहते.

इथे कापसाच्या गादीची आठवण काढणे भाग आहे. महाराष्ट्रातल्या घरांत डबल पलंगावर पूर्वी एकच मोठी गादी क्वचितच असे. गादी कारखान्यात कापूस पिंजून, गादीपाटाच्या खोळीत भरून, वरून टाके घातलेल्या दोन एकेरी गाद्या शेजारी शेजारी टाकल्या जात. कापूस दबून बसलेला, गाद्या वेगळ्या आणि पांघरुणेही ज्याची त्याला. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला पत्ता लागत नसे. परदेशात ‘स्प्लिट किंग’ या नावाने चढ्या भावात विकली जाणारी कल्पना हीच. अर्थात कापसाच्या गादीत दर एक-दोन वर्षांनी गाठी होत आणि पिंजाऱ्याला बोलवावे लागे, हेही खरे.

दुकानात होणारी परीक्षा बहुधा चुकीची असते. नवरा तळव्याने गादी दाबतो, बायको काठावर टेकते, विक्रेता ठसा कसा उमटतो ते दाखवतो. “अहो, जरा आडवे होऊन तरी बघा.” “एवढ्या लोकांसमोर काय आडवं व्हायचं!” एवढ्यावर पंधरा-वीस वर्षे साथ देईल अशी समजूत करून घेतलेली गादी घरी येते. तळहाताच्या दाबावरून फक्त वरच्या एक-दीड इंचाचा अंदाज येतो. खांदा आणि कंबर कुठवर रुततात ते कळायला दोघांनी एकाच वेळी, आपापल्या नेहमीच्या कुशीवर, निदान पंधरा मिनिटे पडून राहावे लागते. फोमला शरीराची ऊब लागून तो बसायला तेवढा वेळ जातोच. त्यानंतर एकाने डोळे मिटून पडावे आणि दुसऱ्याने कूस बदलावी, उठून बसावे, पुन्हा आडवे व्हावे. घरी हीच परीक्षा पाण्याने काठोकाठ भरलेल्या स्टीलच्या फुलपात्राने घेता येते. एका बाजूला फुलपात्र ठेवून दुसऱ्या बाजूला माणूस बसला की पाण्याचा पृष्ठभाग कितपत थरथरतो ते दिसते. तरीही मिटल्या डोळ्यांची परीक्षा जास्त विश्वासाची. झोप पाण्याची नव्हे, माणसाची मोडते.

आता घनतेकडे वळू. गादीच्या दर्जाबद्दल सर्वांत जास्त सांगणारा आकडा हाच आणि दुकानात सर्वांत कमी विचारला जाणाराही हाच. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. मेमरी फोमची घनता 50 च्या खाली असेल तर तो हलका, 50 ते 80 मध्यम आणि त्यापुढे भारी समजावा. हलका फोम पहिल्या वर्षी सुखाचा वाटतो, पण दोन माणसांच्या रोजच्या भाराखाली लवकर दबतो. दोन्ही बाजूंना खळगे पडतात, मध्ये कुणी न झोपलेला उंचवटा शिल्लक राहतो आणि दोघे आपापल्या खड्ड्यात कायमचे राहायला जातात. घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हे विक्रेतेही पुष्कळदा विसरतात. भारी घनतेचा फोम मऊ असू शकतो आणि हलक्या घनतेचा कडक.

पत्रकावरची घनता खरी की फुगवलेली, ते वजनकाट्यावर ताडून पाहता येते. 72 बाय 78 इंचाच्या गादीचे क्षेत्रफळ सुमारे 3.62 चौरस मीटर. तिच्यातला दोन इंचांचा मेमरी फोम म्हणजे 0.184 घनमीटर, घनता 50 असेल तर त्याचे वजन साधारण 9 किलो. खालचा सहा इंचांचा थर 0.552 घनमीटर; त्याची घनता 32 धरली तर 17 ते 18 किलो. खोळ धरून आठ इंचांची ही गादी 28 ते 30 किलोंच्या आसपास भरायला हवी. गादीच्या माहितीत एकूण वजन बहुतेक वेळा छापलेले असते. तिथे 20 किलो लिहिले असेल आणि घनता मात्र 50 आणि 32 सांगितली जात असेल, तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे. हा हिशेब मोबाइलवर दोन मिनिटांत होतो आणि वीस पानी माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. ‘मेमरी फोमची गादी’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाद्यांत मेमरी फोम वरचा एखादाच इंच असतो. खाली एचआर म्हणजे जास्त उसळी घेणारा फोम किंवा कारखान्यातल्या फोमच्या तुकड्यांचा चुरा चिकटवून केलेला, हाताला दगडासारखा लागणारा बॉण्डेड फोम असतो. थर असण्यात गैर काही नाही. नुसत्या मेमरी फोमवर माणूस रुततच जाईल. पण हालचाल जिरवायला एक इंच पुरत नाही. दोघांसाठी वर दोन ते तीन इंच मेमरी फोम आणि एकूण जाडी आठ इंच असावी. जोडीदारांपैकी कुणी ऐंशी किलोंच्या पुढे असेल तर यात काटछाट करू नये.

वजनातला फरक हा जोडप्याचा खास प्रश्न. एक 85 किलोंचा आणि दुसरी 52 किलोंची असेल तर एकाच गादीवर दोघांना दोन वेगळ्या गाद्यांचा अनुभव येतो. जड माणूस वरचा थर पार करून खालच्या कडक फोमवर टेकतो, हलक्या माणसाला तोच वरचा थर पुरून उरतो. गादी फार मऊ असली तर हलका जोडीदार रात्रभर उताराला लागतो. अशा घरांनी 36 बाय 78 च्या, एकाच उंचीच्या, वेगवेगळ्या कडकपणाच्या दोन गाद्या घेऊन त्यांवर एकच चादर घालावी. मधली फट पट्ट्याने आवळता येते. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्यापाशी मऊपणा लागतो, पालथे झोपणाऱ्याला कमरेखाली आधार; दोघांच्या सवयी याप्रमाणे वेगळ्या असल्या तरीही उपाय हाच.

पाठदुखीला कडकच गादी हवी, ही आपल्याकडची पक्की समजूत. स्पेनमधील कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या 313 रुग्णांवर 90 दिवस केलेली चाचणी 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द खोळीवर भरतकामात असला म्हणून कुणी हाडांच्या डॉक्टरने ती गादी तपासली आहे, असे समजू नये.

रुंदीच्या बाबतीत कंजुषी महागात पडते. 60 इंचांच्या क्वीन गादीवर माणशी 30 इंच येतात, म्हणजे एकेरी पलंगाहून सहा इंच कमी. मध्ये लहान मूल झोपत असेल तर 72 इंचांखाली विचारच करू नये. सुताराने केलेले जुने पलंग अनेकदा 75 इंच लांबीचे असतात. 78 ची गादी त्यात बसत नाही. म्हणून मोजमाप जुन्या गादीचे न घेता पलंगाच्या आतल्या चौकटीचे घ्यावे.

मेमरी फोमची खरी खोड हवामानात दिसते. तापमान उतरले की तो कडक होतो, चढले की सैल पडतो. नाशिकला जानेवारीत रात्री अंग टाकल्यावर पहिली काही मिनिटे तो फळीसारखा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात तीच गादी अंगाखाली पार खचते. एसी लावलेल्या शोरूममध्ये पसंत केलेली गादी घरी वेगळी वाटते ती यामुळे. दुसरा त्रास उष्णतेचा. झोपलेला माणूस सुमारे 70 ते 80 वॉट उष्णता बाहेर टाकतो, दोघांची मिळून दीडशेच्या घरात जाते. फोम अंगाला लपेटून बसत असल्याने वारा लागायला जागाच राहत नाही आणि छताचा पंखा खालच्या बाजूला पोचत नाही. जेलच्या थराने पहिला अर्धा तास गारवा वाटतो. पुढे जेलही तापते आणि सुख संपते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत मोकळ्या छिद्रांचा फोम, सुती खोळ आणि बऱ्यापैकी वारा खेळणारा पलंग यांचा उपयोग जेलपेक्षा जास्त होतो. सामान ठेवायच्या बॉक्स पलंगाच्या प्लायवूडला सुताराकडून दीड-दोन इंची भोके पाडून घ्यावीत, नाहीतर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते.

काही घरांसाठी मेमरी फोम चुकीचाच. गुडघेदुखीच्या वृद्धांना त्या खळग्यातून उठणे जड जाते. गादीच्या कडा कमकुवत असल्या तर काठावर बसून चपला घालणारा घसरतो आणि कडेला झोपणाऱ्याची हक्काची चार इंच जागा वाया जाते. उसळीच नसल्याने दांपत्यजीवनालाही तो फारसा साथ देत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत आणि ग्राहक विचारत नाहीत. अशा घरांनी खाली पॉकेट स्प्रिंग आणि वर दोन इंच मेमरी फोम अशी मिश्र गादी पाहावी.

नव्या गादीला वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून ती दोन-तीन दिवस तशीच पडू द्यावी, दम्याचा रुग्ण असेल तर आणखी थोडे थांबावे. पॉलीयुरेथेन झपाट्याने पेटते, तेव्हा डासांची उदबत्ती पलंगाखाली सरकवू नये. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या गच्चीवर नेऊन काठीने झोडपायची रीत कापसासाठी योग्य होती. कापूस उन्हाने फुलतो. फोम उन्हाने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्याला सावलीत वारा द्यावा, खोळ तेवढी उन्हात टाकावी. थरांची गादी उलटी करता येत नाही. दर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याशी फिरवावी. ओल अडवणारे आवरण पातळच घ्यावे, जाड प्लास्टिकच्या आवरणाखाली फोमचा गुण मारला जातो.

अनेक ऑनलाइन कंपन्या गादी वापरून पाहून परत करायला 100 रात्रींची मुदत देतात. परत न्यायचा खर्च कोण करणार आणि खोळ उघडलेली चालते का, हे आधी विचारावे. वॉरंटीच्या कागदावर दहा वर्षांच्या आकड्यापेक्षा खळग्याची खोली पाहावी. किती इंच खचल्यावर गादी बदलून मिळेल ते तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती खोली कुणीही गादीवर नसताना मोजली जाते आणि गादीवर डाग असेल तर बहुतेक ठिकाणी दावा फेटाळला जातो.