समरफेस्ट : सूर सर्वांचे, शेजार कोणाचा?

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी शहर आहे. तेथला ‘समरफेस्ट’ हा उन्हाळी संगीत महोत्सव जगातील मोठ्या महोत्सवांत गणला जातो. तो सुरू झाला १९६८ च्या जुलैत.

त्याआधी याच शहरात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नसे. आडनाव ऐकून खोली नाकारली गेलेल्यांना हे दुःख सांगायला नको. नगरसेविका वेल फिलिप्स यांनी १९६२ पासून चार वेळा कायदा मांडला. बाजूने मत एकच, त्यांचे स्वतःचे! मग ऑगस्ट १९६७ पासून तरुणांनी सुमारे २०० दिवस मोर्चे काढले. ३० एप्रिल १९६८ रोजी शहराने कायदा केला.

बंधू-भगिनींनो, गाणे ऐकायला एकत्र बसणे सोपे. शेजारी राहण्याचा हक्क मात्र लढूनच मिळतो. मुलांना समरफेस्ट सांगाल तेव्हा हे मोर्चेही सांगा.