गाळलेले पाणी : घराचे आणि नगराचे

विहिरीवरून पाणी आणावे, भांड्याच्या तोंडावर जाड सुती वस्त्राची दुहेरी घडी धरावी, पाणी सावकाश गाळावे आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडावेत, हा जैन घरांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा नित्यक्रम. त्यामागील हेतू जीवदयेचा. परंतु त्यातून पिणाऱ्याचेही रक्षण होत असे. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब परिसरात, जुन्या सुती साडीच्या किमान चार थरांतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, ते जलचर वस्त्रात अडकतात.

आज विहिरीच्या जागी नळ आला. गाळण्याचे काम नगराने स्वीकारले. ते कसे चालते, हे मुंबईच्या उदाहरणावरून समजते.

पाण्याची पहिली शुद्धी निसर्गच करतो. सूर्याच्या उष्णतेने अरबी समुद्राच्या पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. ती वाफ ढगांच्या रूपाने सह्याद्रीला भिडते, वर चढते, थंड होते आणि पावसाच्या रूपाने कोसळते. मात्र डोंगरउतारावरून वाहताना तेच पाणी माती, पालापाचोळा, शेण आणि रोगजंतू बरोबर घेते. चार महिन्यांच्या या पावसावर मुंबईचे वर्ष निभावते. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे सात जलाशय ते साठवितात. त्यांपैकी विहार सर्वांत जुना. तो १८६० साली पूर्ण झाला.

या जलाशयांतून नगराला दररोज साडेतीनशे कोटी लिटरहून अधिक पाणी मिळते. त्यातील बहुतांश पाणी भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध होते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरविणारी आजी जे करी, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. मातीचे बारीक कण समान विद्युत्‌भारामुळे एकमेकांना दूर लोटतात व पाण्यात तरंगत राहतात. तुरटी किंवा तत्सम ॲल्युमिनियमचा क्षार तो भार नाहीसा करतो; मग कणांच्या गुठळ्या होऊन त्या तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या जाड थरांतून झिरपते. तरीही काही अदृश्य जंतू उरतातच. त्यांच्यासाठी क्लोरिन लागतो.

क्लोरिन मुद्दाम थोडा अधिक घालतात. भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. नळाच्या पाण्याला कधी येणारा उग्र वास हा वाटेवरच्या या पहारेकऱ्याचा होय.

पहारेकऱ्याची गरज वाटेतच अधिक असते. बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. पुरवठा थांबला की नळातील दाब उतरतो, आणि जलवाहिनीला गळती असेल तर भोवतालचे घाण पाणी आत शिरू शकते. पुढे पाणी इमारतीच्या जमिनीखालील टाकीत आणि तेथून गच्चीवरील टाकीत जाते. तेथे ते साचून राहिले, की क्लोरिन हळूहळू उडून जातो. झाकण निखळलेले असेल, तळाशी गाळ असेल, वर कबुतरे बसत असतील, तर नगराचा सारा प्रयत्न शेवटच्या काही पावलांत वाया जातो. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत वाहने उभी करण्याच्या जागेवर तासन्‌तास वाद होतात. टाकी कधी धुतली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. त्या विस्मरणाची किंमत प्रथम घरातील बालके आणि वृद्ध मोजतात.

म्हणूनच घराचे कर्तव्य संपलेले नाही. टाकी ठराविक काळाने रिकामी करून घासावी, झाकण घट्ट बसवावे. पाण्याविषयी शंका आली, तर ते आधी गाळावे आणि मग खळखळून उकळावे. कारण वस्त्र मोठे जलचर अडविते, सुटे जंतू आणि विषाणू अडवीत नाही. उकळलेले पाणी झाकून निववावे, आणि हात न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे.

गाळलेले जीव परत सोडण्यासाठी आज अंगणात विहीर नाही. पण त्या कृतीमागील जाणीव उरली आहे. गच्चीवरील टाकी भरून वाहते, तेव्हा सह्याद्रीत साठलेले, तुरटीने निवळलेले, वाळूतून गाळलेले पाणी गटारावाटे पुन्हा समुद्राला मिळते. सूर्य त्याची पुन्हा वाफ करील. परंतु ते पुन्हा जलाशयात येण्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागेल.