काष्ठप्राकार आणि त्याची मातीतील खूण

नागपुराहून काटोलास जाणाऱ्या मार्गावर जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली या शिलांवरील वाटीसारख्या खळग्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. ही वर्तुळे लोहयुगीन लोकांची दफनस्थाने असून आज ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु मृतांकरिता शिला रचणारे हे लोक स्वतः लाकूड, कूड व माती यांच्या आश्रयाने राहत. पेंच नदीकाठी नायकुंड येथे त्यांची वसाहत व लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली आहे. शिला टिकल्या, लाकूड कुजले. मग लाकडाचे घर वा तट ओळखावा कसा?

खांब पुरताना खड्डा खणून भोवती माती ठोकतात. खांब कुजला की त्या पोकळीत वरची सैल माती उतरते. पुढे थराथराने जमीन खरडली असता मुरुमात काळसर गोल डाग दिसतो. डाग वर्तुळाकार असतील तर ते घर. वस्तीच्या कडेने ओळीने जात असतील तर ते कुंपण होय. ते गुरांचे की रक्षणाचे, हे खड्ड्यांची खोली, खांबांची जाडी व बाहेरील खंदक यांवरून ठरते. कसरीने खाल्लेले अक्षर भोवतीच्या अक्षरांवरून लावावे, तसाच हा प्रकार आहे.

अग्नी काष्ठात दडून असतो, म्हणून तट लाकडाचा नसावा, असे कौटिल्य सांगतो; तथापि पाटलीपुत्राचा तट लाकडीच असल्याचे मेगॅस्थेनीसने नमूद केले असून बुलंदीबाग येथे त्याचे अवशेषही निघाले. पोलंडातील बिस्कुपिन येथे १९३३ साली एका शाळामास्तरांस तळ्याकाठी लाकडे दिसली; उत्खननात काष्ठप्राकाराने वेढलेले संपूर्ण गाव निघाले. त्यातील ओकवृक्ष इ. स. पूर्व ७३८ च्या सुमारास तोडलेले आहेत. तेथे पाण्याने लाकूड राखले. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे दरवर्षी भिजणारी व भेगाळणारी जमीन आणि वाळवी लाकूड राहू देत नाहीत. उरतो तो डागच.

म्हणून शिलावर्तुळांइतकेच जवळच्या जुन्या पांढरीसही जपले पाहिजे. तेथील माती शेताकरिता उकरून नेली की ती खूण कायमची गेली. तिची दुसरी प्रत कोठेही मिळत नाही. दप्तरे व पोथ्या शोधीत गावोगाव फिरणाऱ्या संग्राहकांनी वाटेतील पांढरींची स्थाने टिपून ठेवावीत, स्वतः कुदळ लावू नये व संबंधित खात्यास कळवावे, अशी आमची विनंती आहे.