तेल पिलाव, चुप बैठो

लिव्हरची बंदूक म्हटली की सिनेमातला काऊबॉय आठवतो. चापाभोवतीची कडी खाली-वर, खटक-खटक, आणि गोळ्यांचा पाऊस. ती विंचेस्टर. तिचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर हा आधी शर्ट शिवून घेण्याचा धंदा करायचा, ही माहिती मी आजवर भेटेल त्याला ऐकवली आहे. पण सेलूजवळच्या आमच्या आजोळी लोखंडी कपाटात जी कडीची बंदूक होती ती विंचेस्टर नव्हती. ती मार्टिनी-हेन्री. एका वेळी एकच काडतूस, नळीची जाडी बघून छाती दडपावी अशी.

इतिहास थोडक्यात उरकतो. मूळ कल्पना बोस्टनच्या पीबॉडीची, सुधारणा स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची आणि नळीतल्या सात खाचा एडिंबरोच्या हेन्रीच्या. ब्रिटिश फौजेने ती 1871 मध्ये स्वीकारली. 1857 चा धसका असा, की देशी पलटणींच्या हाती कायम एक पिढी जुनी बंदूक. दुसऱ्या अफगाण युद्धात गोऱ्यांकडे मार्टिनी तर आपल्या शिपायांकडे स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफोर्ड मिळाली तेव्हा कुठे मार्टिनी खाली उतरली. आमच्या हिंगोलीला (1999 पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती) निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ही फौज 1903 मध्ये हिंदी लष्करात मिसळली. त्यामुळे मामांचा सिद्धांत तयारच होता: "छावणीतली आहे. राणीची बंदूक!"

आता माझ्या आवडीच्या जागी येतो, म्हणजे त्या कडीकडे. ती खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा मागच्या खिळीवर झुलतो आणि पुढून खाली वाकतो. त्याच ओढीत आतली टोचणी ताणली जाते. उजव्या अंगाला अश्रूच्या आकाराचा छोटा काटा असतो, तो फिरून सांगतो की बंदूक तयार आहे. घोडा बाहेर दिसतच नाही, म्हणून हा काटा. ठोकळा तळाला येताना एक्सट्रॅक्टरच्या पायावर दाबतो आणि रिकामी पुंगळी मागे फेकली जाते. तीन कामं, एक हालचाल. मी दिवाळीत भुईनळ्यांपेक्षा हे जास्त वेळ पाहिलं आहे.

मात्र 1990 च्या दशकात ती कडी बसली. निवडणूक आली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा, निकालानंतर परत कपाटात. बाकी वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नसे. एकदा उघडायला गेलो तर कडी बोटभर हलली आणि थांबली. मामा हातोडी आणायला निघाले. मामी आडव्या आल्या, हे त्या बंदुकीचं नशीब.

परवाना असलेल्या एका दुकानात हैदराबादकडचे म्हातारे कारागीर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बंदूक हाती येताच त्यांनी तोंडाकडून एक लाकडी काठी नळीत सोडली, बोटाने खूण धरली, काठी बाहेर ठेवून मापली. आत काडतूस अडकलेलं नाही, याची खात्री आधी. दुरुस्तीची गोष्ट नंतर. "जुनी बंदूक रिकामी आहे असं फक्त तिचा मालक म्हणतो," हे त्यांचं वाक्य.

मग सांध्यांत पातळ तेल सोडलं आणि बंदूक कोपऱ्यात ठेवली. मामांनी तासाभरात विचारलं, झालं का? "जल्दी नक्को मियाँ. तेल पिलाव, चुप बैठो." चार दिवस.

जुन्या कडीच्या बंदुकीचे निम्मे रोग म्हणजे वाळलेलं ग्रीस, हे माझं ठाम मत त्या चार दिवसांचं. कोणीतरी कधीतरी भरपूर चोपडतं, ते लाखेसारखं घट्ट होतं आणि सगळे स्प्रिंगला दोष देतात. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातल्या पन्नास हजारांवर जुन्या बंदुका 2003 मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांत मार्टिनी होत्या, त्याच कुळीची नेपाळी गहेंद्र होती. त्या विकत घेणाऱ्या शौकिनांचं पहिलं काम हेच: शतकभराचं वाळलेलं ग्रीस खरवडणं.

पाचव्या दिवशी उस्तादांनी पेचकस काढला, आणि कानशीने त्याचं टोक घासायला घेतलं. पेचाच्या खाचेत टोक तंतोतंत बसेपर्यंत ते पेचाला शिवले नाहीत. सैल पेचकस खाच खातो, आणि खाल्लेली खाच ही मागच्या मिस्तरीची सही असते. ठोकळा बाहेर आला, टोचणीभोवतीची गुंडाळी स्प्रिंग काळ्या चिखलात रुतलेली. टोचणी पुढे येत नाही म्हणजे स्प्रिंग मेली असं नाही, आधी धुवा. कडी बंद राहत नाही तर कुंद्याखाली तिचं टोक पकडणारा खटका बघा. पुंगळी निघत नाही तर दोष एक्सट्रॅक्टरचाच असेल असंही नाही. सुदानच्या लढाईत पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली काडतुसं तापलेल्या, काजळलेल्या नळीत चिकटत आणि एक्सट्रॅक्टर नुसती बुडं फाडून आणी. मार्टिनीच्या पुढच्या, मार्क फोर नमुन्याला म्हणूनच लांब कडी दिली, जोर जास्त लागावा म्हणून. काळ्या दारूची काजळी ओल धरते. ती तेलाने जात नाही, गरम पाण्याने जाते, आणि मग लगेच कोरडं करून तेल. कुंद्याला जवसाचं तेल. पॉलिशपेपर मात्र उस्तादांनी दुकानाबाहेर ठेवलेला.

कायद्याची गंमत इथेच सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं कलम 45 जुन्यापुराण्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. म्हणजे दुरुस्त होण्याजोगी असेल तर परवाना हवाच, आणि धंदा म्हणून दुरुस्त करणाऱ्यालाही हवा. शोभेची म्हणून भिंतीवर टांगलेली आजोबांची बंदूक आधी कागदाने तपासावी, मग तेलाने.

धुतल्यावर उजव्या अंगावरची अक्षरं उघडी पडली. मुकुट, खाली राणीचं व्ही. आर., खाली एनफिल्ड. मामा चष्मा पुसून वाकले. उस्तादांनी भिंग त्यांच्या हाती दिलं आणि इंग्रजी एन अक्षरावर नख ठेवलं. ते उलटं होतं, आरशात दिसावं तसं. सरहद्द प्रांतात, दर्रा आदमखेलच्या बाजूला, घरोघरी कानशीने अशा नकला बनत. इंग्रजी न वाचता येणारे कारागीर अक्षरं चित्रासारखी उतरवत, म्हणून अशा चुका. "काम अच्छा है," उस्ताद म्हणाले, "लोहा कैसा, अल्लाह जाने. चलाना नक्को."

सेलूला परतताना एसटीत मामा बराच वेळ बोलले नाहीत. मानवत मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "ते एन काही लांबून दिसत नाही ना रे?"